न धुतलेला गमछा

देवपूर, धुळे
१८ फेब्रुवारी २०२५

योगराजभाऊ,

नमस्कार नंतर, आधी भांडण.

नऊ तारखेच्या रविवारी माझी कुत्री यायची होती. नेहमीसारखं नवापूरपर्यंत तुम्ही, तिथून पुढे भूपेंद्र. बिचारा भाजीची गाडी रिकामी करून नवापूरच्या स्टँडसमोर जाऊन बसला. दुपार टळेपर्यंत बसला. तुम्ही नाही, तुमचा फोन नाही. मी इकडे दारात सतरंजी घालून आणि दुधात भाकरी कुस्करून तयार. शेवटी ती भाकरी मीच खाल्ली.

त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. भूपेंद्र म्हणतो फोन बंद येतो. मला तर फोनवर भांडताही येत नाही, ज्याला काही ऐकूच येत नाही त्याने कुणाशी काय भांडावं? म्हणून हे पत्र. दिवाळीत पापडाचं पार्सल पाठवायला तुम्ही पत्ता दिला होता, तो जपून ठेवला होता.

रागावलात का? पापडात मीठ जास्त झालं होतं, ते मला नंतर कळलं. त्याचा राग असेल तर स्पष्ट लिहा.

राणी गेल्यापासून घरात करमत नाही. दारात कुणी आलं की ती उठायची, त्यावरून मला कळायचं. आता दूधवाला कडी वाजवून कंटाळतो आणि निघून जातो. तुम्हीच भूपेंद्रकडून निरोप पाठवला होता, तशीच हुशार दुसरी बघून ठेवलीय, फाटक्या कानाची आहे, चालेल का? अहो, माझे तर दोन्ही कान गेलेले. तिचा एक फाटका असला तर काय बिघडतं?

लवकर कळवा. वाट पाहते.

तुमची,
सरला

---

गोडादरा, सुरत
२७ फेब्रुवारी

सरलाबाईस,

तुमचं पत्र आलं. ज्याला लिहिलं तो नाही. योगराज सात तारखेला शुक्रवारी गेला. मी त्याची आई, मालतीबाई.

बाजारात टेम्पोत कापडाचे ताके भरणं चाललं होतं. हा पुढे स्टेअरिंगवर बसलेला. पंडित म्हणून त्याचा जोडीदार आहे, तोही टेम्पोच चालवतो. तो चहा घेऊन आला, म्हणाला घे. घेतला नाही. हलवलं तर मान पडली. डॉक्टर म्हणाले हार्ट. पन्नाशीही गाठली नव्हती. एवढंच आहे. याच्यावर कुणी विचारलं तर मी उत्तर देत नाही, तुम्हीही विचारू नका.

पोस्टमनने पत्र माझ्याच हातात दिलं. मला सवय आहे, कागद आला की आधी शेवट बघायचा, खाली कोणाचं नाव आहे. खाली लिहिलेलं, वाट पाहते, तुमची सरला. मी पत्र पदराखाली घातलं. सून रंजना घरात होती. म्हटलं, मेल्यावर हे निघालं. दर रविवारी कुत्री पोचवायला जातो म्हणायचा. कुत्र्यांना रविवारच कसा लागतो रे, असं मी त्याला किती वेळा टोचलं असेल. मोरीत जाऊन दार लावून पूर्ण पत्र वाचलं. पापडाचं आलं तेव्हा जीव खाली बसला. ते पापड आम्हीच खाल्ले. मीठ जास्तच होतं.

फोन नातीने बंद करून ठेवलाय. वाजला की रंजना धावते आणि मग रडते. ज्यांना कळवायचं होतं त्यांना कळवलं. तुम्ही लोक आम्हाला माहीत नव्हतात.

तो हे सगळं का करायचा मला कळलं नाही. बाजारात एकदा त्याच्या चाकाखाली कुत्र्याचा पाय आला, तेव्हापासून वेड लागलं. कुणी वेसूहून फोन करायचं, कुणी भेस्तानहून, अमुक कुत्रं बरं झालंय, त्याला घर मिळालंय, पोचव. आणि हा पोचवायचा. कुणाच्या मळ्यात, कुणाच्या अंगणात. आठवडाभर कापड वाहायचं आणि रविवारी कुत्री. संध्याकाळी यायचा तेव्हा अंगाला असा वास यायचा की मी दारातच अडवायची. आधी आंघोळ कर, मग जेव. दर रविवारी आमच्यात एवढंच बोलणं. तोही हसून मोरीत जायचा.

तुमची कुत्री इथेच आहे. गुरुवारी आणून जिन्याखाली ठेवली होती, रविवारी न्यायला. पिवळी आहे. नात हर्षदा तिला बिस्किटं घालते, ती हुंगते आणि तोंड फिरवते. दिवसभर टेम्पोकडे बघत बसते. माझ्या घरात तसंही एक माणूस दाराकडे बघत बसलेलं आहे, दुसरं मला नको. कुणाला तरी पाठवा आणि घेऊन जा.

मालतीबाई

---

देवपूर, धुळे
५ मार्च

मालतीताईंना सरलाचा नमस्कार.

पत्र वाचून झालं तरी हातातच धरून बसले होते. शेजारच्या पार्वतीने येऊन खांदा हलवला तेव्हा उठले. मेलेल्या माणसाशी मी भांडले. त्या पत्राची मला लाज वाटते, आणि ते तुमच्या हातात पडलं याची जास्त.

विचारू नका म्हणालात, मी काही विचारत नाही. मला जे माहीत आहे ते सांगते.

राणीला द्यायला भाऊ नवापूरला थांबले नव्हते, थेट धुळ्याला आले होते. घर बघितल्याशिवाय देणार नाही म्हणाले. म्हणाले म्हणजे, मला ओठांवरून थोडं कळतं, पण त्यांच्या त्या मिशा! एक अक्षर कळेना. मग त्यांनी अंगणातली काडी उचलली आणि मातीत लिहायला लागले. आमचं सगळं बोलणं मातीत झालं. एक वाक्य लिहायचे, चपलेने पुसायचे, दुसरं लिहायचे.

मी दाराकडे पाठ करून बसले होते. त्यांनी मागे जाऊन स्टीलचं ताट फरशीवर टाकलं. मला काय कळणार? राणी आली आणि माझ्या गुडघ्याला नाक लावलं. मी वळून बघितलं तर भाऊ ताटाकडे बोट करून हसत होते. मातीत लिहिलं, ‘ही सांगेल.’

मग टेम्पोतलं तिच्या अंगाखालचं फडकं आणून माझ्या दारात अंथरलं. मातीत लिहिलं, ‘हे धुवायचं नाही. जागा नवी असली तरी वास जुना पाहिजे.’ राणी त्यावर बसली. भाऊंनी तिच्या पाठीवरून हातसुद्धा फिरवला नाही. पाठ केली आणि चालायला लागले. मी मागून ओरडले, अहो, एवढं कोरडं? परत आले, काडी उचलली, लिहिलं, ‘वळून बघितलं की मागे येतात.’ आणि गेले ते गेलेच, फाटकातूनही वळले नाहीत.

ताई, मला वाटतं ती पिवळी तुमच्याकडेच राहू द्या. भाऊंनी हात लावलेला शेवटचा जीव आहे. तुमच्या घरात त्यांची आठवण म्हणून राहील. माझं काय, माझं चाललंय. फक्त तिचं फडकं तेवढं तिच्या अंगाखाली असू द्या, म्हणजे खाईल.

सरला

---

गोडादरा
१२ मार्च

सरलाबाई,

आठवण म्हणून कुत्रं ठेवा म्हणता? आठवण म्हणून त्याची पोरगी आहे, त्याची बायको आहे, भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो आहे. आणखी किती ठेवू?

आणि एक ऐका. हर्षदा लहान होती तेव्हा त्याने तीन पायांचं एक पिल्लू आणलं होतं. पोरगी त्याच्या गळ्यात पडून रडली, पप्पा हे ठेवू या. मीही म्हटलं, असू दे रे, एवढंसं तर आहे. तो घरात आमच्याशी अहिराणीतच बोलायचा. म्हणाला, ‘माय, हाई ठेई लिधं ते दुसरं कोठे बसाडू?’ एक ठेवून घेतलं की पुढच्याला जागा कुठली, त्याचं एवढंच. रविवारी पोचवून आला. पोरगी त्याच्याशी बोलेना. तो एकही कुत्रं ठेवायचा नाही. ठेवायची असती तर रस्त्यावरून आणून घर भरलं असतं, त्याला काय लागतं? त्याचं काम पोचवायचं होतं. त्याची शेवटची कुत्री मी ठेवून घेतली तर ती पोचली नाही असाच त्याचा अर्थ.

फडक्याचं म्हणाल तर ते नाही.

आमच्यात सुतक फिटतं त्या दिवशी घरातलं सगळं सूत पाण्यातून काढतात. गोधड्या, चादरी, पडदे, पायपुसणीसुद्धा. गेलेल्याचे कपडे देऊन टाकतात. घरात त्याचं काही अडकून राहू नये म्हणून. टेम्पोत मागे चिंध्यांचं गाठोडं होतं, त्याला असा वास मारत होता की उचलवेना. मी ते तापीवर पाठवलं. मग टेम्पो स्वतः धुतला, फिनेल टाकून, खराट्याने. रंजना म्हणत होती, राहू द्या ना आई. मी ऐकलं नाही. चार बायका बघत होत्या आणि मला वाटत होतं, मी चांगलं काम करतेय.

आता ती कुत्री टेम्पोत चढते, सगळे कोपरे हुंगते, पत्रा चाटते. गाडी चालू झाली की उडी मारून परत जिन्याखाली. पंडित तिला न्यायला दोन वेळा आला. दुसऱ्या वेळी त्याच्या मनगटाला दात लावले. मी म्हटलं, बांध आणि ने. म्हणे, योगराजने कधी बांधून नेलं नाही, मी कसा नेऊ? आता सगळ्यांना त्याच्या पद्धती आठवतात. जिवंत होता तेव्हा हाच पंडित त्याला कुत्तामास्तर म्हणायचा.

तुम्ही लिहिता, माझं चाललंय. त्याचा अर्थ मी असा घेतला की तुम्हाला ती नको आहे. नको असेल तर तसं लिहा, लाजायचं काय? मी इच्छापोरला कारखान्याच्या राखणीला देऊन टाकीन. तिथे कुत्री लागतात.

मालतीबाई

---

देवपूर
१९ मार्च

मालतीताई,

इच्छापोरला देऊ नका. मी तुमच्या पाया पडते.

मला ती हवी आहे. तुमच्या घरावर एवढं कोसळलेलं, आणि त्यात मी माझं कुत्रं मागायचं, ते मला जमेना. म्हणून चांगुलपणाचं लिहिलं. तुम्ही ते बरोबर फाडलंत.

माझं काही चाललेलं नाही. होळीच्या दुसऱ्या दिवशी डाळीचा कुकर लावला आणि अंगणात पापड वाळत घालायला बसले. शिट्ट्या झाल्या असतील, मला काय माहीत? पाणी आटलं, डाळ जळली, खिडकीतून धूर आला. पार्वती भिंतीवरून उडी मारून आली. साठी उलटलेली बाई, तिचा पाय मुरगळला. माझ्या कुकरपायी.

तिने माझ्या पुतण्याला कळवलं. अमोल पुण्याला असतो. गुणाचा आहे, माझ्याशिवाय त्याला जवळचं कुणी नाही आणि त्याच्याशिवाय मलाही. आला, स्वयंपाकघराची काळी भिंत बघितली, आणि कागदावर लिहून दाखवलं, ‘काकू, अक्षय्य तृतीयेपर्यंत वाट बघतो. मग तुम्ही माझ्याकडे.’ आखाजीला दीडच महिना उरलाय. चौथ्या मजल्यावर त्याचं घर. मी त्याच्या खिडकीत बसून काय करू? इथे माझे पापड आहेत, पार्वती आहे, दारातला लिंब आहे. मी म्हटलं, कुत्री येणार आहे. तो म्हणाला, कधीपासून येणारच आहे ती.

त्याचं काही चुकत नाही. म्हणून जास्त भीती वाटते.

ताई, भूपेंद्रला विचारलं. तो म्हणतो, तिचं फडकं नसलं तरी चालेल, योगराजभाऊंच्या अंगावरचं काहीही चालेल, फक्त पाण्यात गेलेलं नको. टोपी, बनियन, काहीही. तुमच्याकडे असं काही राहिलंय का? नसेल तर शोधत बसू नका. आणि असेल, पण द्यावंसं वाटत नसेल, तर नाही म्हणून लिहा. मी परत मागणार नाही.

सरला

---

नवापूर, स्टँडसमोर
३० मार्च, रविवार

सरला,

हे पत्र कुत्रीबरोबरच येतंय. भूपेंद्रची गाडी पोचायला वेळ आहे, वाटेत टायर बसलं म्हणे. मी पंडितच्या टेम्पोत पुढे बसलीय, मागितलेल्या पेनाने लिहितेय, अक्षर वाकडं आलं तर समजून घे. आज पाडवा. सगळ्यांच्या दारात गुढ्या आहेत, आमच्या घरात यंदा सण नाही, त्यामुळे मी रिकामीच.

तू विचारलंस, काही राहिलंय का. राहिलं होतं. एक गमछा.

तो गेला त्या दिवशी त्याच्या गळ्यात होता. दवाखान्यातून कपड्यांची पिशवी दिली, त्यातून मी काढून घेतला. सुनेला कळू दिलं नाही. तिला मी म्हटलं, एक धागा ठेवायचा नाही, सगळं दे. तिने त्याचा लग्नातला कोटसुद्धा दिला. आणि मी हा पेटीत तळाला घातला, प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून, वास उडू नये म्हणून. दुपारी रंजना शिलाईच्या कामाला गेली की गाठ सोडायची, तोंड आत घालायची, परत गाठ मारायची. घाम, बिडी, बाजारातल्या कोऱ्या कापडाची खळ. रोज थोडा कमी. हे कुणाला सांगायचं नव्हतं.

तुझं पत्र आल्यावर तो आठवडाभर तसाच ठेवला. तुला नाही म्हणून लिहायला कागदही घेतला होता. मग परवा अर्धा फाडायला घेतला, अर्धा तुला, अर्धा मला. दाताने काठ तोडला. तिथेच थांबली. म्हटलं, अर्ध्या वासाने कुत्री अर्ध्याच रस्त्यापर्यंत जाईल.

आज सकाळी टेम्पोत पसरला. ती आली, हुंगली, त्याच्यावर गोल गोल फिरली आणि बसली. नाक आत खुपसून. पंडितने गाडी चालू केली, तरी हलली नाही. मला वाटलं होतं मी बघू शकणार नाही, पण बघितलं.

रंजना दारात उभी होती. तिने गमछा ओळखला. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता काढते माझी आई-माई सगळी, तिला हक्कच आहे. तर म्हणाली, ‘मी मागे बसते.’ आणि चढली. सुरतेहून इथपर्यंत पत्र्यावर बसून आलीय, एक हात गमछ्यावर ठेवून. चहा दिला तर नको म्हणते. दोघी मागे काय करताहेत मी बघत नाही.

माझा योगराज इथेच थांबायचा. समोरचा टपरीवाला म्हणाला, ‘कुत्तेवाले भाई नहीं आये बहुत दिन से?’ मी म्हटलं, ‘मैं उसकी माँ है.’ हिंदी मला तेवढीच येते. त्याने चहाचं काही घेतलं नाही आणि दुकानातून बाहेर येऊन टेम्पोपाशी उभा राहिला, टोपी काढून. मला माहीत नव्हतं, नवापूरला त्याला कुणी ओळखतं.

तुझ्या पुतण्याला सांग, आली. नाव तूच ठेव, मी ठेवलं नाही. भाकरी दुधात नको, नुसती आवडते. कुणी मोठ्याने बोललं की घाबरते, पण तुझ्या घरात तो प्रश्न नाही.

गाडी येतेय, भूपेंद्र हात करतोय. आता मला पाठ फिरवायची आहे. पुरे.

मालती

---

देवपूर, धुळे
१६ एप्रिल

मालतीताई,

पोचली. भूपेंद्रने गमछा दारात अंथरला, ती त्यावर बसली, आणि दोन दिवस तिथून फक्त पाणी प्यायला उठली. तिसऱ्या दिवशी भाकरी खाल्ली. नुसती. नाव पिवळीच ठेवलं, तुमच्या पत्रात तसंच होतं.

भूपेंद्र म्हणाला, तुम्ही वळून बघितलं नाही. रंजनाने बघितलं, पण पिवळी हलली नाही. तिला सांगा, वाईट वाटून घेऊ नको.

आता अमोलचं ऐका. आखाजीपर्यंतही थांबला नाही, गेल्या आठवड्यातच आला. बॅगा रिकाम्या घेऊन आला होता, माझं सामान भरायला. मी म्हटलं, थांब, आधी बघ. आणि भाऊंसारखं ताट त्याच्या हातात दिलं. त्याने मागे जाऊन टाकलं. पिवळी गमछ्यावर पडलेली, तिने एक डोळा उघडला आणि मिटला. अमोलने परत टाकलं. काही नाही. त्याचा चेहरा असा झाला की मलाच त्याची कीव आली. तो कागद शोधायला लागला, म्हणजे आता लिहून समजावणार.

मी स्वयंपाकघरात गेले. म्हटलं, जायचंच आहे तर पोराला जेवू घालून जाऊ. कुकर लावला आणि कांदा चिरायला बसले. रडत होते, कांदा होताच. तेवढ्यात गुडघ्याला ओलं लागलं. खाली बघते तर पिवळी. नाक लावून उभी, आणि कुकरकडे बघतेय. मी गॅस बंद केला. वर बघितलं तर अमोल दारात. त्याला शिट्टी ऐकू आली होती आणि तो बघायला आला होता, कोण उठतं ते.

ताटासाठी ती उठणार नाही, ताटात तिला काही अर्थ दिसत नाही. राणी वेगळी, ही वेगळी. अमोल जेवला आणि रिकाम्या बॅगा घेऊन पुण्याला गेला. जाताना कागदावर लिहिलं, ‘दिवाळीला परत बघेन.’ बघू दे.

सोबत पार्सल आहे. पिवळी आता गमछ्यावर कमी आणि माझ्या पायावर जास्त झोपते. तुम्ही दाताने काठ तोडला होता, तिथूनच पुढे फाडला, सरळ गेला. अर्धा तुमचा. धुतलेला नाही. पण खरं सांगायचं तर आता त्याला फक्त कुत्रीचाच वास येतो. भाऊंचा काही उरला असेल असं वाटत नाही. पाठवू की नको, या विचारात बरेच दिवस गेले. रागावू नका.

पापडही आहेत. मीठ कमी घातलंय.

सरला

---

गोडादरा, सुरत
२ मे

सरला,

पार्सल आखाजीच्या आदल्या दिवशी मिळालं. पापड तळले. आता अळणी लागतात. मधलं काही तुला येत नाही का?

पुतण्याची गोष्ट हर्षदाने सगळ्यांना वाचून दाखवली. पंडित म्हणाला, कुत्री हुशार आहे, बिनकामाची उठत नाही. तो परवा आला होता. भेस्तानला एका बाईने आंधळं कुत्रं बरं केलंय, पिंपळनेरला एका मळेवाल्याला हवंय. आंधळं कुत्रं घेऊन मळेवाला काय करणार, मी विचारलं. पंडित म्हणे, त्याच्या म्हाताऱ्या बापाला सोबत. बरं, मी म्हटलं. रविवारी जाणार आहेत. पंडित आणि रंजना. तिने मला विचारलं नाही, सांगितलं.

आखाजीला घागर भरली. पहिली योगराजच्या बापाची, दुसरी योगराजची. मुलाने आईची भरायची असते. इथे उलटं झालं. त्याच्या घागरीवर खरबूज ठेवलं, सूत गुंडाळलं, नाव घेतलं. आवाज नीट लागला. घरात त्या दिवसापर्यंत आंबा आणला नव्हता, पितरांनी खाल्ल्याशिवाय आम्ही चाखत नाही. पहिल्यांदाच तो आमच्या आधी आंबा खाणार होता. जिवंतपणी मी वाढेपर्यंत हात लावायचा नाही.

गमछ्याची तुझी पुडी मी उघडली नव्हती. तू लिहिलं होतंस ना, भाऊंचा वास उरला नसेल. म्हणून तशीच फडताळात ठेवली होती. पितरांच्या दिवशी कशाला, म्हटलं. पण सकाळी रंजना पुरण वाटत होती, हर्षदा रस काढत होती, मला हाताला काही काम नव्हतं. घेतली आणि गाठ सोडली.

कुत्र्याचाच वास होता. भसकन आला.

पेटीत मी जो सांभाळत होती तो शुक्रवारचा वास होता, सरला. हा रविवारचा.

माझ्या तोंडून निघून गेलं, ‘आधी आंघोळ कर, मग जेव.’

रंजनाने पुरणातून हात काढला आणि दाराकडे बघितलं.

मालती